तलावांवरची सुट्टी डोंग्याच्या वेगाने होऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून कोकणातील किनारे, महाबळेश्वर, फार तर चिखलदरा आणि ताडोबा यांची वर्णने येऊ लागतात. भंडारा-गोंदियाच्या तलावांची आणि वैनगंगेच्या खोऱ्याची आठवण मात्र त्यांत क्वचितच होते. आमच्याकडे याचे कुणाला फारसे वाईट वाटत नसे. परंतु अलीकडे रस्ते सुधारले, घरोघरी चारचाकी गाड्या आल्या आणि नागपूर-रायपूरकडील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी नवेगावबांध, इटियाडोह, आंभोरा, गोसीखुर्द या ठिकाणी मोठ्या संख्येने येऊ लागली. त्यांच्यामागोमाग येथे काय काय व्हावे याच्या कल्पनाही आल्या. वेगवान मोटारबोटी, पाण्यावर तरंगणारी उपाहारगृहे, रात्रीचे दिवे आणि संगीत ही त्यांतली ठळक नावे. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. येथे पर्यटक येऊ नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. या पाण्यावर सुट्टी घालवण्याची रीत या पाण्याला आणि त्यावर पोट असलेल्या माणसांना मानवणारी असावी, आणि ती ठरवण्याचा पहिला अधिकार काठावरच्या गावांना असावा, एवढेच मला आपल्या दैनिकातून मांडायचे आहे.

बाहेरून येणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते की आमचे तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. डोंगरांच्या कुशीतील उतार हेरून, पाळ घालून, पाणी अडवून ते माणसांनी बांधले, आणि या कामात कोहळी समाजाचा हात मोठा होता. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. त्याच कोलू पाटलांची आज कोलासूर देव म्हणून पूजा होते, त्यांचे ठाणे पाळीवरच आहे, आणि तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, कारण बांध घालण्यात त्यांनी मदत केली अशी श्रद्धा आहे. तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. याच्याहून लहान असे शेकडो तलाव आणि बोड्या (लहान तळी) या दोन जिल्ह्यांत व शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी कागदोपत्री ते 'मामा तलाव' बनले. देखभालीची जबाबदारी गावाकडून कचेरीकडे गेली तेव्हापासून गाळ साचत गेला, हे येथील कोणताही म्हातारा शेतकरी सांगेल. ज्या पाळीवर पर्यटक छायाचित्रे काढतात तिच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, आहेत आणि तलावाची नहर (कालवा) त्यांना पाणी देते. तलाव हे येथे प्रथम शेतीचे साधन आहे, मग मासेमारीचे, आणि त्यानंतर सहलीचे. हा क्रम उलटा करून आखलेली कोणतीही योजना फार दिवस टिकेल असे मला वाटत नाही.

आता सुट्टीविषयी. दिवाळी ते फेब्रुवारी हा येथे येण्याचा खरा काळ. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सकाळी नऊनंतर पाळीवर उभे राहवत नाही. पावसाळ्यात वाटा चिखलाच्या असतात आणि राखीव जंगलातील पर्यटन बंद असते. हिवाळ्यात मात्र पहाटे पाण्यावर धुके असते, सूर्य टेकड्यांमागून वर येईपर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही, आणि दिसण्याआधी ऐकू येतात ती बदके. नवेगावबांधला उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांत तलवार बदके आणि लालसरी असतात, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही या भागातील तलावांवर उतरतात. अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, उघड्या चोचीचे करकोचे हे तर येथलेच. तलावाच्या परिसरातील पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अलींचे नाव दिलेले आहे. ज्याला पक्ष्यांतले काही कळत नाही, त्यानेही एखादी साधी दुर्बीण घेऊन दोन तास एका जागी बसून पाहावे. मुलांना कंटाळा येईल अशी भीती पालकांना असते. माझा शिक्षकी अनुभव याच्या उलट आहे. मुले कंटाळतात ती मोठ्यांच्या घाईमुळे.

येथेच मोटारबोटीचा प्रश्न येतो. हे पक्षी थंडीचे काही महिने येथे काढतात ते पोट भरून परतीच्या उड्डाणासाठी अंगात ताकद साठवायला. दर अर्ध्या तासाने इंजिनाच्या आवाजाने थवा उठला, तर खाण्याचा वेळ उडण्यात जातो आणि साठवलेली ताकद येथेच खर्च होते. काही हंगाम असे गेले की ते दुसरे पाणी शोधतात. शिवाय उथळ काठावर बोटीच्या लाटांनी गाळ ढवळतो, पाणवनस्पती उपटल्या जातात, आणि ज्या देवधानासारख्या वनस्पतींवर पक्षी पोसतात व ज्या गवतात मरळ-शिंगीसारखे देशी मासे अंडी घालतात, तीच जागा नष्ट होते. मग पर्यटकाला दाखवायला उरते काय, तर नुसते पाणी. आणि नुसते पाणी पाहायला नागपूरकराने एवढ्या दूर का यावे?

याला पर्याय आमच्या काठावर बांधलेलाच आहे, तो म्हणजे मासेमारी करणाऱ्या धीवरांचा डोंगा, लहानशी नाव. तो वल्ह्याने किंवा बांबूने चालतो, आवाज करीत नाही, आणि चालवणाऱ्याला कोणत्या महिन्यात कोणत्या कोपऱ्यात काय असते हे तोंडपाठ असते. तलावात मालडोंगरी नावाचे बेट आहे. त्याच्या दिशेने सकाळी संथपणे गेलेली एक फेरी आणि वाटेत धीवराने जाळे कसे टाकतात, पाण्याची खोली बांबूने कशी जोखतात, शिंगाड्याच्या वेलीखालचे फळ कसे उचलतात हे दाखवणे, यापेक्षा चांगली सहल मला सुचत नाही. दिवाळीनंतर शिंगाड्याचा हंगाम असतो आणि काठावर उकडलेले गरम शिंगाडे मिळतात. दुपारी तांदळाची भाकर आणि तलावातल्या मासळीचा रस्सा एखाद्या घरी सांगून ठेवला, तर त्या घराला चार पैसे मिळतात आणि पाहुण्याला महामार्गावरच्या धाब्यापेक्षा कितीतरी बरे जेवण मिळते.

अर्थात, डोंगा म्हणजे आपोआप सुरक्षित नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. मासेमारीचा डोंगा एकदोन माणसांसाठी असतो. त्यात सहा जणांचे हौशी कुटुंब चढले आणि छायाचित्रासाठी सगळे एका बाजूला झुकले, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून प्रवाशांसाठी रुंद बुडाच्या वेगळ्या नावा असाव्यात, प्रत्येकी माणसे किती ते नावेवर रंगवलेले असावे, लहान मुलांच्या मापाचीही जीवनरक्षक जाकिटे असावीत आणि ती न घालणाऱ्याला काठावरच ठेवावे. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचीही तरतूद केली आहे. तिचा उपयोग धीवरांना अडवण्यासाठी न करता त्यांना प्रशिक्षण, नोंदणी आणि विमा देण्यासाठी झाला पाहिजे.

पाण्यात उतरण्याविषयी तर लोकांची समजूत पूर्ण चुकीची आहे. बांधलेल्या तलावात सर्वांत खोल पाणी पाळीजवळच असते, आणि उतरायला पायऱ्या किंवा दगड असतात म्हणून नवखे लोक नेमके तेथूनच उतरतात. तळाला गाळ, वर पायात गुंतणाऱ्या वेली. उत्तम पोहणाराही त्यात घाबरतो. नदीची गोष्ट वेगळी असली तरी सोपी नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि आमच्याकडे येईपर्यंत तिच्यावर तेथे संजय सरोवर नावाचे मोठे धरण आहे. येथे आकाश निरभ्र असतानाही वरच्या पाण्याने नदी वाढू शकते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वरच्या भागातील पाऊस आणि धरणाचा विसर्ग यांमुळे भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत जो पूर आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात नदी शांत दिसते तेव्हाही रेती उपशाने पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारे पोर पुढच्या पावलाला बुडते. कोठे डोह आहे, कोठे खड्डा आहे, हे काठावरच्या गावाला माहीत असते. पण ते सांगणारा साधा फलक बहुतेक घाटांवर नाही.

आंभोऱ्याविषयी थोडे लिहितो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा तेथे संगम मानला जातो, काठावर चैतन्येश्वराचे मंदिर आहे, आणि मराठीच्या आरंभकाळातील मुकुंदराजांच्या वास्तव्याशी या स्थळाचा संबंध जोडणारी परंपराही आहे. नवा मोठा पूल झाल्यापासून तेथे संध्याकाळी गर्दी असते. खाली गोसीखुर्द धरणाचे पाणी थेट संगमापर्यंत पसरलेले आहे. या धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली होती, आणि पुनर्वसित गावांचे प्रश्न त्यानंतरची कित्येक वर्षे रेंगाळले. ज्यांची घरे आणि शेते त्या पाण्याखाली गेली, त्या गावांतील तरुणांना जलपर्यटनाचे काम मिळण्याचा हक्क सर्वांत आधी असावा, केवळ वाहनतळावर पावत्या फाडण्याचा नव्हे. दुसरी गोष्ट अप्रिय आहे, तरी लिहितो. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. म्हणजे त्या सांडपाण्याचा शेवटचा मुक्काम हाच जलाशय. जलपर्णीचे हिरवे थर त्याचीच खूण आहेत. ज्या पाण्यात मुलांना खेळवायचे, त्याची तपासणी करून निष्कर्ष काठावर सर्वांना वाचता येतील असे लावल्याखेरीज अंगावर पाणी घेणारे कोणतेही खेळ तेथे सुरू करू नयेत.

पाण्यापासून थोडे दूर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठीही पुष्कळ आहे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७०च्या सुमाराचे. त्याच्या पाण्यावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील धान पिकते. त्याच भागात प्रतापगडाची टेकडी आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते आणि शिवमंदिराबरोबरच दर्ग्यालाही माणसे जातात. चढण मध्यम आहे आणि वरून दिसणारा जलाशय त्या श्रमाचे चीज करतो. जवळच १९७०च्या दशकाच्या आरंभापासून तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे. धानाच्या बांध्यांमधून जाता जाता प्रार्थनेच्या पताका दिसू लागतात तेव्हा बाहेरचा माणूस क्षणभर चकित होतो. (हिवाळ्यात पट्टकादंबही तिबेटकडूनच येतात, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) हा सारा भाग सायकलने हिंडावा असा आहे: रस्ते फारसे चढाचे नाहीत आणि वाहने तुलनेने कमी. रेल्वेने यायचे तर गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील देवलगाव स्थानक नवेगावबांधला जवळ आहे. तेथे भाड्याने सायकली मिळाल्या, तर मोटारगाडीशिवाय ही सहल करता येईल आणि गावातील दोन तरुणांना उद्योग मिळेल.

मात्र जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर सायकल काढू नये. नवेगाव आणि नागझिरा यांचा मिळून २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या, आणि अस्वल तर या जंगलात पूर्वापार आहे. मोहफुलांच्या दिवसांत आमची माणसेदेखील एकटीदुकटी रानात जात नाहीत. नागझिऱ्याच्या सफारीविषयी मी अधिक लिहीत नाही. तिचे नियम ठरलेले आहेत आणि तिला प्रसिद्धीची वाण नाही.

गोंदियाकडच्या तलावांवर आणि धानाच्या शेतांत सारस दिसतो, आणि महाराष्ट्रात तो आता जवळजवळ याच पट्ट्यात उरला आहे. तो घरटे धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या गवतात करतो, म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या हाती आहे. सारस पाहायला येणारे छायाचित्रकार जोडीच्या मागे बांधीत शिरतात, उभे पीक तुडवतात आणि शेतकऱ्याने हटकले तर त्यालाच पक्षिप्रेम शिकवतात. असे प्रसंग मी पाहिले आहेत. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पुढे पाऊल टाकायचे नाही आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावरही जायचे नाही, एवढा साधा दंडक पाळला तरी पुरे.

कुणी म्हणेल, की शांतता, संथपणा, दुर्बिणी हे सारे ठीक, पण तरुणांना सुट्टीत गंमतही हवी. त्यांनी भाऊबीजेनंतर यावे. तेव्हापासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या आमच्या या भागात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा दुकाने, पाळणे, दंडार हे लोकनाट्य, आणि रात्री मांडवात नाटक. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यमंडळ्यांची नाटके रात्रभर चालतात आणि थंडीत शाली-घोंगड्या पांघरून हजारो माणसे ती पाहतात. आवाज, दिवे, गर्दी हे सर्व तेथे आहे, आणि ते गावाच्या मैदानात आहे, जेथे त्याची जागा आहे. दिवसभर तलावावर शांतपणे घालवावा आणि रात्री मंडईत जाऊन मनसोक्त टाळ्या वाजवाव्यात. दोन्हींची अशी सोय महाराष्ट्रात इतरत्र कोठे असेल असे मला वाटत नाही. आश्चर्य हे की आमच्या भागाच्या पर्यटनावर बोलणारे लोक मंडईचा उल्लेखही करीत नाहीत.

अखेर पैशाचा मुद्दा. तलावांतील मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी धीवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यापोटी त्या रक्कम भरतात. त्याच पाण्यावर नौकाविहाराचा ठेका दुसऱ्याच कुणाला, बहुधा बाहेरच्या कंत्राटदाराला दिला गेला, तर जाळी तुटतात, मासे बिचकतात आणि भांडणे होतात. म्हणून माझी शासनाला आणि जिल्हा परिषदांना विनंती अशी, की ज्या तलावावर मत्स्य सहकारी संस्था आहे तेथे प्रवासी नावांचा पहिला अधिकार तिलाच द्यावा. तिची तयारी नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाने बचतगटाला किंवा गावातील तरुणांना द्यावा. आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा पाळ, सांडवा आणि नहर यांच्या दुरुस्तीसाठी त्याच तलावाच्या नावाने वेगळा ठेवावा. नवेगावबांधसह पक्ष्यांचे वास्तव्य असलेल्या तलावांवर नोव्हेंबर ते मार्च इंजिनाच्या बोटींना आणि ध्वनिवर्धकांना पूर्ण मज्जाव असावा, तसेच तलावाचा काही भाग डोंग्यांसाठीही बंद ठेवावा. तो भाग कोणता, हे वनविभागाने धीवरांना विचारून ठरवावे. पाळीवर प्लास्टिकच्या पत्रावळ्या आणि बाटल्या टाकणाऱ्यांना दंड करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तो वापरण्याचे धैर्य मात्र तिने स्वतःच दाखवायला हवे, त्यासाठी मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही.

या साऱ्याला धोरण, बैठका आणि निधी लागेल, हे मी जाणतो. एक काम मात्र भाऊबीजेपूर्वी होण्यासारखे आहे आणि त्याला रंगाचा एक डबा व अर्धा दिवस पुरेसा आहे. प्रत्येक घाटावर आणि पाळीवर, गावातील पोहणाऱ्या धीवरांना विचारून, खोल जागा, खड्ड्यांच्या जागा आणि मदतीसाठी हाक मारायच्या घराची दिशा ठळक मराठीत व हिंदीत लिहिलेले फलक लावावेत. रायपूर-बालाघाटकडील पाहुणे मराठी वाचतीलच असे नाही, म्हणून हिंदीचा आग्रह. संबंधित तहसीलदारांनी हे आदेश सुट्टी लागण्याआधी काढावेत, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया